ज्याच्या हातचा घास

सावदा,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

दादा,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच बाजूला टाकशील, म्हणून पत्ता पोस्टातल्या बाईंकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर वाच. सात वर्षांत तू माझा नंबर बंद केलास, आईचा बंद केलास, दिवाळीचा डबा शिरपूरहून जसाच्या तसा परत आला. (चकल्या मीच खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.) पत्र परत करायचं तर तुला उठून पोस्टात जावं लागेल, आणि तू मूळचा आळशी.

आई बरी आहे. मी आपल्या घरातल्या कुत्र्याबद्दल लिहितेय.

नानांच्या तेराव्याला तू पंगतीतून उठून गेलास तेव्हा ते ओंजळीएवढं पिल्लू होतं. आता त्याचं तोंड पांढरं झालंय. फैजपूरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. तीन आठवडे, फार तर महिना, म्हणाले. आणि निघताना हळूच म्हणाले, "ताई, पुढचं काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. ऐन वेळी लोक काहीही करतात आणि मग जन्मभर मनाला लावून घेतात."

तू गेल्यावर इथे काय काय झालं ते तुला ठाऊक नाही, म्हणून सांगते. कुत्र्याला नाव नाही. आई त्याला नाव ठेवूच देईना. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ना. "जेवले का व ते?" असं मला विचारते. ते खोलीत आले की डोक्यावर पदर घेते. झोपतात नानांच्या खाटेवर. गल्ली सुरुवातीला हसली, मग सवय झाली. आता शेजारच्या बायकाही "आज ते दिसले नाहीत ओट्यावर" असं विचारतात, आणि त्यात थट्टा किती आणि खरं किती हे मला हल्ली कळत नाही.

पण दादा, आई खूश आहे. दिवसभर त्या खाटेपाशी बसून बोलते. माहेरच्या गोष्टी, लहानपणच्या, कुणाच्या लग्नात कोण घसरून पडलं त्या. हसते मोठ्यानं. नाना असताना ती हसायची का, मला आठवत नाही. नाना जरा कडक होते. त्या काळचे सगळेच होते.

आता मुद्दा. आईचा हट्ट आहे की त्यांना मातीत घालायचं नाही, अग्नी द्यायचा. आणि तो तू द्यायचा. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहिते. "पह्यल्या खेपेले पोराच्या हातचा अग्नी भेटला नाही. काकाच्या भूषणनं देल्ला. म्हनून ते परत आले. आता बी जितूनं नाही देल्ला तं पुन्हा येतीन. कोन होऊन येतीन, मले काय माहीत?"

तुला नानांच्या वेळी वेळेवर कुणी कळवलंच नाही, कारण नानांनीच तसं बजावून ठेवलं होतं. हे मी आईला पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "म्हनूनच तं."

तू हे वाचून हसशील. रसायनशास्त्र शिकवणाऱ्यानं हसावंच. पण हसून झाल्यावर ये.

तुझी
मयुरी


सावदा,
शनिवार, १५ नोव्हेंबर

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. पत्र परत आलं नाही, एवढ्यावर मी दोन दिवस खूश होते.

आठवडाभर मी जागा शोधत फिरतेय. नगरपालिकेत फोन केला. तिथल्या गृहस्थांनी सरळ सांगितलं, "मेलं की कळवा, गाडी येईल." कोणती गाडी, विचारलं. सकाळी ओला-सुका कचरा नेते तीच. मी आईला यातलं काही सांगितलं नाही.

आपल्या शेतात पुरावं असं मला वाटलं होतं. विहिरीजवळचा कोपरा. मग आठवलं, केळीची नवी लागण करायची तर दर वेळी ती सगळी जमीन उलथीपालथी होते, आणि ट्रॅक्टरवाला काही कोपरा बघून नांगरत नाही. आई तर ऐकूनच घेईना. "तुह्या बापाले मातीत घालशीन का?"

मग जळगावला गेले. डॉक्टरांनी पत्ता दिला होता. स्वच्छ जागा, काचेचं दार, भिंतीवर पाळीव जनावरांचे फोटो. आत गॅसची भट्टी आहे. दोन प्रकार आहेत: एकत्र आणि स्वतंत्र. एकत्र म्हणजे त्या दिवशी आलेली सगळी जनावरं बरोबर. स्वतंत्र केलं तर रक्षा लाकडी डबीत घालून देतात, वर नाव कोरून. घरच्यांना भट्टीपाशी सोडत नाहीत, बाहेर सोफ्यावर बसायचं. अग्नी कोण देतं, विचारलं. काउंटरवरच्या बाई गोड बोलत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, बटन असतं."

त्यांनी अर्ज भरायला दिला. पहिला रकाना, प्राण्याचं नाव. मी पेन धरून बसले. त्या म्हणाल्या, काहीतरी लिहा, डबीवर घालायचं असतं. मी रेघ मारली. पुढे वय. सात लिहिलं. आई शेजारी बसली होती, तिनं हात धरला. "सात काय? चौसष्ट आन् सात." त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या मांजरीकडे पाहिलं. अर्ज तसाच ठेवून आलो.

खरं सांगायचं तर मला ती जागा वाईट वाटली नाही. तिथे सगळं नीट होईल, कुणी हेळसांड करणार नाही. मी एकटी असते तर तिथेच नेलं असतं. पण आईचाच विचार करत बसमध्ये बसले आणि अमळनेरची पाटी दिसेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की आपण चुकीच्या एसटीत बसलोय. परत फिरायचं तर मग धुळ्यालाच का जाऊ नये, असं मनात आलं. धुळ्यात एक गृहस्थ आहेत, सरणावर जनावरांचं करतात, असं भट्टीवाल्या बाईच बोलता बोलता म्हणाल्या होत्या. आणि धुळं तुला शिरपूरहून तासाभराचं. तुला सावद्याला पाय ठेवायचा नसेल तर धुळ्याला यायला काय हरकत आहे?

म्हणून गेलो. जागा पाहिली. पुढच्या पत्रात नीट लिहिते, आत्ता ते खाटेवरून उतरायला धडपडतायत.

मयुरी


सावदा,
शनिवार, २२ नोव्हेंबर

दादा,

धुळ्याच्या माणसाचं नाव प्रेमराज. साठीचे असतील. गावाबाहेर, मोठ्या रस्त्यापासून आत, एक पत्र्याची शेड, तिच्याखाली लोखंडी जाळीचा ओटा, मागे लाकडं आणि गोवऱ्या रचलेल्या. झाडलोट इतकी की आईनं चप्पल बाहेर काढली. आधी गुरांचा दवाखाना होता तिथे शिपाई होते म्हणे. मेलेली जनावरं फरफटत नेताना बघून बघून कंटाळले आणि निवृत्त झाल्यावर हे सुरू केलं.

आमच्यासमोर एक बाई मांजर घेऊन आली होती, टॉवेलात. प्रेमराजभाऊंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, लिंबाखाली चटईवर ठेवलं आणि तिला म्हणाले, "बस माय. घाई नही शे." अर्धा तास ती बसली. कुणी तिला हटकलं नाही. तिथेच मी ठरवलं, हीच जागा.

मग त्यांनी आम्हाला विचारलं, काय आहे, किती दिवसांचं आहे. नाव विचारलं तेव्हा आई म्हणाली, "नाव घेत नाही म्या त्याहिचं." प्रेमराजभाऊंनी मान हलवली, जसं काही रोज कुणीतरी हे सांगतं.

आईनं विचारलं, पोराच्या हातनं अग्नी चालेल ना? इथे गाडी अडली. त्यांचा एक नेम आहे. तो त्यांनी इतक्या शांतपणे सांगितला की वाद घालायला जागाच राहिली नाही.

"ताई, मी काय बामन नही. मंतर म्हनत नही. पन हाई एक नेम शे मना. ज्याना हातना घास त्यानी खादा, त्यानाच हातनी आग. मुकं जनावर शे, त्याले दुसरी वळख नही. घास देनारा हात तेवढा वळखस."

आई म्हणाली, पोरगा शिरपूरला असतो, त्यानं कधी घास दिला नाही. ते म्हणाले, मग एकदा देऊ द्या. जितेपणी, स्वतःच्या हातानं, आणि त्यानं खाल्ला पाहिजे. नाहीतर तुम्ही द्या अग्नी, तुमच्या हातचा तर सात वर्षं खाल्लाय. आई नाही म्हणाली. इतकी जोरात नाही म्हणाली की मीच दचकले. "म्या नाही. म्या देल्ला तं ते मह्याच मांगं लागतीन."

येताना बसमध्ये मी विचारलं, असं का म्हणालीस? खिडकीबाहेर बघत होती.

तर दादा, धुळ्याचं सोपं गणित मोडलं. कुत्र्याला तिथे जिवंत न्यायचं तर डॉक्टर म्हणतात एवढा प्रवास झेपणार नाही. म्हणजे तुला इथे यावं लागेल, आणि ते खातायत तोवर यावं लागेल. मागच्या रविवारी अर्धी भाकरी खात होते. परवा चतकोर. काल आईनं उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी दुधात कुस्करून बोटानं चाटवली, तीही अर्धी बाहेर आली.

एका दिवसासाठी ये. घास दे आणि जा. तुझा विश्वास नाही, माझाही पुरता नाही. पण आईला रात्रीची झोप नाही. तिला भीती वाटते, दादा. दुःख नाही, भीती. ते मला आत्ता आत्ता कळायला लागलंय.

मयुरी


सावदा,
शुक्रवार, २८ नोव्हेंबर

दादा,

कालपासून त्यांनी काही खाल्लेलं नाही. पाणी पितात.

तू येत नाहीस याचं कारण मला माहीत आहे, आणि त्या कारणाच्या मुळाशी मी आहे. हे सात वर्षं मी कुणाला सांगितलं नाही. तुझं येणं न येणं यावर अवलंबून नसतं तर कधीच सांगितलं नसतं.

तुला आठवतं, नाना गेले त्या संध्याकाळी त्यांच्या जागेवर दिवा लावला, परातीत पीठ चाळून ठेवलं आणि वर दुरडी झाकली. सकाळी दुरडी उचलून बघायचं, पिठावर कुणाचं पाऊल उमटलंय. ज्याचं पाऊल, तो जन्म. तू अग्नी होऊन गेल्यावर पोचला होतास, ओट्यावर पाहुण्यांमध्ये होतास आणि हे सगळं ऐकून कपाळाला आठ्या घालून बसला होतास.

पहाटे सगळे उठायच्या आत मी दुरडी उचलली. पीठ जसंच्या तसं होतं. साधी मुंगीसुद्धा फिरली नव्हती. आई आदल्या दिवसापासून पाण्यावर होती, खूण दिसल्याशिवाय तोंडात घास घालणार नाही म्हणत होती. मी अंगठा टेकवला, त्याच्यावर तीन बोटं टेकवली. पहिलं, मधलं, तिसरं. दोनदा. म्हटलं, मांजर नाहीतर कुत्रं म्हणतील, आई जेवेल, विषय संपेल. कुत्र्याच्या पावलाला चार बोटं असतात हे मला तेव्हा सुचलंच नाही. घाईत कोण मोजतं? काकूंनी पाहिलं, म्हणाल्या, कुत्रा. सगळ्यांनी माना डोलावल्या. आई जेवली.

तेराव्याला ते पिल्लू पंगतीत शिरलं आणि नानांच्या फोटोसमोर जाऊन बसलं. आईनं पान वाढलं. तू पायानं त्याला बाजूला सारलंस. लाथ नव्हती ती, मी शेजारी उभी होते, मला माहीत आहे. म्हणालास, "आई, हे कुत्रं आहे." आणि आई सगळ्यांसमोर म्हणाली, "मेल्यावर बी बापाले लाथ मारतू का?" तू ताटावरून उठलास. त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं, ते पाऊल माझं आहे म्हणाले असते, तर तू बसला असतास. मी वरण वाढत राहिले. माझी लाज वाटली मला, पण तोंड उघडलं नाही. सात वर्षांची ही पोकळी माझी आहे. माफी माग म्हणालास तर मागते, पण त्यानं सात वर्षं परत येणार नाहीत.

आता जे लिहिते ते तू मानू नकोस, फक्त वाच.

पिल्लू आठवडाभरानं माझ्या मांडीवर झोपलं होतं. मी त्याचे पाय पुसत होते. उजव्या पुढच्या पायाला तीन बोटं होती. जखम नव्हती, तुटलेलं नव्हतं. चौथं बोट मुळातच नव्हतं. डॉक्टरांनी परवाही पाय हातात घेऊन म्हटलं, जन्मतःच असं आहे, फार कमी दिसतं. मी खोटं पाऊल काढलं तेव्हा हे पिल्लू कुठेतरी जन्मून दोन-तीन आठवडे झाले असणार. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. सात वर्षं मी रोज तो पाय बघतेय आणि कुणाला म्हणायची सोय नाही, कारण म्हणायचं तर आधी माझं खोटं सांगावं लागेल.

तू आलास तर आईला हे सांगशील का, याची मला भीती वाटते. सांगायचं असेल तर सांग. तुझा हक्क आहे. पण आधी घास दे.

मयुरी


सावदा,
मंगळवार, ९ डिसेंबर

दादा,

तू परवा गेलास आणि मी आज लिहायला बसले. यावेळी फोन करता आला असता, तू जाताना नंबर सुरू केलास. तरी पत्रच लिहितेय. हे मला तुझा आवाज ऐकत सांगता येणार नाही.

आधी आभार. गुरुवारी सकाळी तू दारात उभा राहिलास तेव्हा मी हातातला तांब्या खाली ठेवायचं विसरले. आई तुझ्या गळ्यात पडून रडली, तूही रडलास. माझी कबुली वाचून तू मला दोन थपडा मारशील असं वाटलं होतं, तू डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "वेडी आहेस." एवढं पुरे आहे मला. हे पुढचं वाचताना ते विसरू नकोस.

आठ दिवस ज्यांनी काही खाल्लं नव्हतं त्यांनी तुझ्या हातचा तुकडा खाल्ला. मान उचलून, नीट चावून, आणि मग तुझा तळहात किती वेळ चाटत राहिले. तू हसलास, म्हणालास, "बघ, माझ्यावर राग नाही." आई हसली नाही. ती दाराच्या चौकटीला धरून तुमच्या दोघांकडे बघत होती. तासाभरात ते गेले. तू गाडी काढलीस, आई मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आपण धुळ्याला पोचलो आणि प्रेमराजभाऊंनी विचारलं, कोणाच्या हातचं खाल्लं, तर तू हात वर केलास. सगळं आईला हवं तसं झालं.

तू प्रेमराजभाऊंबरोबर लाकडं रचायला गेलास तेव्हा आम्ही दोघी लिंबाखाली बसलो होतो. मला राहवेना. मीच सांगून टाकलं, आई, ते पाऊल मी काढलं होतं. आईनं कुत्र्याच्या कानावरची माशी हाकलली. म्हणाली, "मले ठाऊक हाये. म्या दाराआडून पाह्यलं होतं. म्हनलं, बरं झालं. कुत्रा झाले तं बरं. मानसाचा जल्म भेटला असता तं पुन्हा हात उचलला असता."

दादा, मी तुला लिहिलं होतं की नाना जरा कडक होते. तू ते वाचून काय म्हणाला असशील याचा विचार मी तेव्हा केला नाही. तुला मार्केटात सगळ्यांदेखत मारलं म्हणून तू शिकायला निघून गेलास. आई कुठे जाणार होती? ती दारामागे उभी राहायची. हाक आली की पाणी घेऊन बाहेर यायची, पुन्हा दारामागे. बांगड्या वाजू नयेत म्हणून कोपरापर्यंत सारून ठेवायची. आपण दोघांनी ते पाहिलंय आणि आपण दोघांनी त्याला कडक म्हटलंय. नाना गेल्यावर सात वर्षं तिला असा नवरा मिळाला ज्याला हातच नव्हते. त्याला ती जेवू घालायची, रागवायची, त्याच्यासमोर हसायची. म्हणून तिला ते खरं हवं होतं.

पुढे म्हणाली, "मंग तीन बोटाचं पिल्लू आलं तवा मले भ्याव वाटलं. तू खोटं काढलं आन् ते खरं आलं."

आता तुझ्याबद्दल.

तू शुक्रवारी सकाळी तापीत रक्षा सोडून आलास आणि म्हणालास, दोन दिवस राहतो. मी माडीवर गादी घातली होती. तू नानांच्या खाटेवर झोपलास. म्हटलं, थकलाय. दुपारी उठून तू हात पुढे केलास आणि म्हणालास, "पाणी." नुसतं तेवढंच, कुणाकडेही न बघता. तू विद्यार्थ्यांनाही अहो-जाहो करतोस असं तूच सांगितलं होतंस. आई पाणी घेऊन आली.

शनिवारी तू शेतात गेलास. सालदार जीवराम संध्याकाळी मला म्हणाला, "ताई, दादानं आज नानासारखं झाडाझाडाले बोटाच्या पेरानं ठोकून पाह्यलं. हे त्याले कोनी शिकवलं?" तुला कुणी शिकवलं नाही. तू पंधरा वर्षांचा असल्यापासून केळीत पाय ठेवला नव्हतास. गल्लीतली कुत्री अनोळखी माणसाला फाटकापर्यंत सोडत नाहीत. तू सात वर्षांनी आलास आणि तीन दिवस आत-बाहेर केलंस, एकही भुंकलं नाही. तू वळलास की उठून बाजूला व्हायची.

त्या दिवशी जेवताना वरण गार होतं. तू ताट पुढे लोटलंस. जोरात नाही, बोटभर. पण आई मागे सरली, दादा. तिचे हात आपोआप बांगड्यांकडे गेले. तू पाहिलं नाहीस, तू भिंतीकडे बघत होतास. मग दुसरं वरण आलं आणि तू जेवलास, आणि ती तोपर्यंत दारामागे उभी राहिली. रविवारी सकाळी मी मोबाईलवर बोलत होते, दारात सावली पडली, आणि मी मोबाईल उशीखाली सरकवला. नानांना तो आवडायचा नाही. मी अडतीस वर्षांची आहे. दारात तू होतास, चहा घेशील का विचारायला आला होतास.

तू वाईट वागलास असं मी म्हणत नाही. तू काहीच केलेलं नाहीस. एखाद्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणेल, मुलगा आहे, बापासारखा वागणारच. मीही स्वतःला दोन दिवस तेच सांगतेय. पण तू तसा नव्हतास, दादा. तू गुरुवारी सकाळी दारात रडत उभा होतास तोवर तसा नव्हतास.

आईला विचारलं मी, तुला काय वाटतं. तिनं आधी ओट्यावर बघितलं, कुणी आहे का. मग कानाजवळ येऊन म्हणाली, "म्या म्हनलं होतं ना, पोरानं अग्नी देल्ला तं सुटतीन. चुकलंच. घास द्यायले नको होता." आणि लगेच म्हणाली, "तू काही लिहू नको त्याहिले."

त्याहिले म्हणाली, त्यांना. तुला.

तू जाताना म्हणालास की आता दर शनिवारी येत जाईन, आईची सात वर्षं भरून काढीन. आईनं मान हलवली. तुला वाटलं असेल, आनंदानं. काल तिनं ते गेल्यापासून उंबऱ्यावर लावलेली पणती काढून ठेवली, खाटेवरची चादर बदलली आणि शनिवारसाठी उडीद-ज्वारी निवडायला घेतली. निवडताना एक शब्द बोलली नाही. सात वर्षं या घरात दिवसभर तिचा आवाज होता. काल मी तिला हाक मारली तर तिनं ओठांवर बोट ठेवलं.

ज्या माणसासाठी मी महिनाभर पदर पसरला, एकामागून एक पत्रं लिहिली, त्यालाच आता हे लिहितेय आणि माझे डोळे भरून येतायत. तू शनिवारी येऊ नकोस. त्याच्या पुढच्याही नको. आईला भेटायचं असेल तर मी तिला घेऊन शिरपूरला येईन. तुझ्या घरी, तुझ्या बायको-मुलीसमोर, जिथे तू स्वतः चहा करतोस तिथे. तिथे तुझं काहीही बिघडलेलं नसेल, मला खात्री आहे.

रागाव माझ्यावर. नंबर पुन्हा बंद कर. आई उद्या मला दोष देईल, लोकही देतील, की बहिणीनंच भावाला दार बंद केलं. देऊ देत. पण या घरात पाऊल टाकू नकोस, दादा. तिकडे तू जितेंद्र आहेस. तिकडेच राहा.

मयुरी